दीड किलो जास्त

तो तुकडा सव्वासात सेकंदांचा आहे. मोजलाय मी. देश सोडून जायच्या आधीच्या तीन महिन्यांत माझ्या भाच्याने तो किती वेळा वाजवला, ते मात्र मोजलं नाही. इलेक्ट्रिक गिटार, सगळ्यात जाड दोन तारा, मिनिटाला १३२ ठोके, चार-चार मात्रांचे चार बार, की पुन्हा पहिल्यापासून. दादाचं बिऱ्हाड कायमचं परदेशी निघालं होतं. घरभर फायली, मेडिकलचे एक्स-रे, जन्मदाखल्यांची नोटरी केलेली भाषांतरं, आणि आतल्या खोलीतून सतत हे. वहिनी ओरडायची, "अरे, पुढे काहीतरी वाजव ना!" तो आतूनच म्हणायचा, "पुढे अजून नाहीये."

त्याचं वय चौदा. गिटार तो इथेच ठेवून गेला. गिटार म्हणजे सामानाचा वेगळा डाग, आणि तिकडे नवीन घेऊ असं ठरलं होतं. (आमच्या घरात त्या देशाचं नाव कुणी घेत नाही. सगळे ‘तिकडे’ म्हणतात. जायच्या आधीपासूनच म्हणत होते.)

विमानतळावरून परत आलो त्या रात्री घर इतकं गप्प होतं, की फ्रिजचा आवाज यायला लागला. मी आडवी झाले आणि डोक्यात तो तुकडा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना, तिसऱ्या दिवशी बँकेत रांगेत, चौथ्या दिवशी दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं टाकून बसले असतानाही. जर्मन भाषेत याला ‘ओरवुर्म’ म्हणतात, कानातला किडा. शब्द घाणेरडा आहे, पण चपखल आहे.

मी मुद्रितं तपासते, काम शांततेचं आहे. ऱ्हस्व-दीर्घ बघता बघता पायाने ठेका धरला जात असेल तर धंदा कसा व्हायचा? म्हणून उपाय शोधायला लागले. रेडिंग विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ साली प्रयोग केला होता: च्युइंगगम चघळलं की डोक्यातलं गाणं कमी होतं. मनातल्या मनात गाताना आपण जबड्याची आणि जिभेचीच यंत्रणा थोडीफार वापरत असतो, ती दुसऱ्या कामाला लावायची. मी लावली. चघळणंही १३२च्या लयीत व्हायला लागलं. मग डरहॅम विद्यापीठाच्या केली जाकुबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम वाचलं. त्यांनी ३,००० लोकांना विचारून डोक्यात अडकणाऱ्या गाण्यांची लक्षणं काढली आहेत. लय जलद असते, चालीचा एकूण चढउतार ओळखीचा असतो, आणि त्या ओळखीच्या वाटेवर मध्येच एखादी अनपेक्षित उडी किंवा तोच सूर पुन्हापुन्हा घेणं असतं. आमच्या तुकड्यात तिन्ही होतं. म्हणजे पोराने, कुणी न शिकवता, घरच्यांचा छळ करायचं शास्त्रशुद्ध यंत्र बनवलं होतं.

आणखी एक उपाय सगळीकडे सांगितलेला दिसला: अडकलेलं गाणं शेवटपर्यंत ऐका. अर्धवट राहिलेली गोष्ट मन सोडत नाही. ब्लूमा झायगार्निक या बाईंनी १९२७ सालीच मांडलं होतं, की पुरी झालेली कामं विसरतात, अपुरी लक्षात राहतात. झालं! जे गाणं संपतच नाही ते शेवटपर्यंत ऐकायचं कसं? ते जगात कुठेच नव्हतं. होते फक्त सव्वासात सेकंद, तेही एका मुलाच्या बोटांत, आणि तो मुलगा तिकडे.

मी लहानपणी चार वर्षं पेटी शिकले होते. तेवढ्या भांडवलावर त्या तुकड्याचे सूर काढून पाहिले. सा, कोमल ग, म, प, कोमल नि. पाचच. पलीकडून आई म्हणाली, "हा तर धानी राग आहे की." रॉकवाले याला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात आणि त्यांचे कितीतरी रिफ याच पाच सुरांत फिरतात. रिफ म्हणजे हाच प्रकार, गाण्याला पाठीचा कणा देणारा, फिरून फिरून येणारा वाद्याचा तुकडा. पहिले तीन बार सा भोवती घुटमळत होते. चौथ्या बारला तो कोमल निषादावर जाऊन थांबायचा. सा येत नव्हता. म्हणजे आता येईल, आता येईल, आणि येतो तो पुढच्या फेरीचा पहिला ठोका म्हणून. दार कुणी लोटून घेतलं नाही म्हणून ते वाऱ्याने हलत राहावं, तसं.

पुढच्या कॉलला मी त्याला सांगितलं, "ते गाणं पूर्ण कर."

"कुठलं?"

मी गाऊन दाखवलं. तो इतका हसला, की शेजारी बसलेल्या दादाने फोन स्वतःकडे ओढला. मग तो म्हणाला, "आत्या, इथे गिटार कुठाय माझ्याकडे? तूच वाजव. माझी आहे ना तिथे."

तर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी भाच्याची गिटार उशीच्या अभ्र्यातून बाहेर काढली. खोळ तो घेऊन गेला होता, तिच्यात बूट भरून.

पहिले तीन आठवडे सांगण्यासारखे नाहीत. डाव्या हाताची बोटं सोलवटली, नखं कापावी लागली. पण रॉकची एक गोष्ट मला फार बरी वाटली. पेटीवाल्यांना वाटतं तेवढं ते अवघड नाही. निदान दारात तरी उभं करतात. कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेले दोन-तीन सूर, आणि त्यात पॉवर कॉर्ड नावाचा प्रकार असतो. सहावी तार, म्हणजे सगळ्यात जाड, मोकळी सोडायची. पाचवीवर दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवायचं आणि या दोनच छेडायच्या. बाकी तारांना हात लावायचा नाही. सा आणि प. संपलं. तोच आकार, आता सहाव्या तारेवरही बोट ठेवून, वर सरकवला की पुढचा कॉर्ड. उजव्या तळव्याची कड गिटारच्या ब्रिजजवळ (तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे) तारांवर अलगद टेकवली की आवाज दबून ‘धग् धग्’ असा येतो, त्याला पाम म्यूट म्हणतात. तळवा उचलला की कॉर्ड एकदम मोकळा होऊन घरभर पसरतो. दाबणं आणि सोडणं, एवढ्यावरच तुकड्याचा निम्मा जोर होता.

आणि या कॉर्डमध्ये गंधार नाही! हे मला उशिरा लक्षात आलं. कॉर्ड मेजर आहे की मायनर, ढोबळ भाषेत खुशीचा की उदास, हे ठरवतो गंधार. शुद्ध लावला की एक, कोमल लावला की दुसरा. पॉवर कॉर्डमध्ये तो घेतच नाहीत. त्यामुळे तो ना आनंदी, ना दुःखी. नुसताच दणदणीत. विमानतळावर काचेपलीकडून हात हलवणाऱ्या माणसांचे चेहरे आठवून बघा.

याच सुमाराला मी कथा लिहायला घेतली होती. मी अधूनमधून लिहिते, वर्षाला एखादी. कुटुंब देश सोडून जातं यावर लिहायचं होतं, पण आपलंच घर कागदावर मांडायची लाज वाटत होती. म्हणून मी लांब पळाले. थेट न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस आयलंडवर. १८९२ ते १९५४ या काळात जवळजवळ १ कोटी २० लाख माणसं त्या बेटावरच्या तपासणीतून अमेरिकेत शिरली. वाचायला लागले तसं ते मला सुटेना. जहाजातून उतरलेली माणसं जिना चढून वर येत असताना डॉक्टर वरून बघत राहायचे: कोण धापा टाकतंय, कोण लंगडतंय. ‘सहा सेकंदांची तपासणी’ असंच तिला म्हणत. संशय आला, की कोटावर खडूने अक्षर. हृदयासाठी ‘एच’, पायात दोष वाटला तर ‘एल’, डोळ्यांसाठी ‘ई’. बुटांची बटणं ओढून लावायचा जो आकडा असतो, त्याने पापणी उलटी करून खुपऱ्या आहेत का बघायचे. खडूची खूण झालेला माणूस बाजूला. बाकीचं कुटुंब पुढे गेलं तरी तो बाजूला. काहीजण म्हणे कोट उलटा करून घालायचे आणि खूण आत लपवून पुढे सरकायचे.

काय नव्हतं या मालात? मी चौतीस पानं लिहिली. एक आजी, तिच्या कोटावर ‘ई’, नात कोट उलटा करून देते, वगैरे. माझी एक मैत्रीण आहे, तिला मी सगळं लिखाण आधी दाखवते, कारण ती गोड बोलत नाही. तिने वाचून पानं माझ्यासमोर ठेवली. "माहिती छान आहे," म्हणाली. लिहिणाऱ्याला यापेक्षा वाईट काही ऐकायला मिळत नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, "हे लोक तुझ्या ओळखीचे नाहीत गं. तू त्यांना नुसती रांगेत पुढे ढकलते आहेस. त्या डॉक्टरांसारखी."

चौतीस पानं कपाटात गेली. गाणं तेवढं चालू राहिलं.

गाण्याचंही सरळ चाललं नव्हतं. भाच्याला तिकडे सेकंडहँड गिटार मिळाली आणि आम्ही ठरवलं, की व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचं. तिकडे सकाळ, इकडे रात्र. त्याने "वन, टू, थ्री, फोर" म्हटलं आणि आम्ही सुरू केलं. मला तो मागे पडतोय असं ऐकू आलं, म्हणून मी हळू झाले. त्याला मी मागे पडतेय असं ऐकू आलं, म्हणून तो हळू झाला. दोघंही एकमेकांसाठी थांबत, थांबत, शेवटी भजनाच्या लयीला आलो आणि बंद पडलो.

"नेट खराब आहे," मी म्हणाले. नेट खराब नव्हतं. भाच्यानेच मग शोधून काढलं. एका खोलीत दहा मीटर अंतरावर बसलेल्या दोन वादकांमध्ये सुद्धा आवाज पोहोचायला २९ मिलिसेकंद लागतात, आणि साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे उशीर गेला की लय धरून राहणं जड जायला लागतं. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दहा हजार किलोमीटर म्हटलं तर नुसतं एका बाजूने पोहोचायलाच ५० मिलिसेकंद गेले, आणि हे केबल सरळ रेषेत टाकली तर. त्यात फोन आवाजाचे तुकडे करणार, दाबणार, पाठवणार, तिकडचा फोन उलगडणार. सगळं धरून पाव सेकंदाच्या घरात जातं. १३२च्या लयीत अर्धी मात्रा म्हणजे ०.२३ सेकंद. म्हणजे तो माझ्या अर्धी मात्रा मागे, आणि त्याच्या बाजूने मी त्याच्या अर्धी मात्रा मागे. कुणाचंच चुकत नव्हतं. कंपनी बदला, पॅक वाढवा, काहीही करा, ते पहिले ५० मिलिसेकंद कुणी कमी करू शकत नाही.

बोलताना हा उशीर कळत नाही. किंवा कळतो, पण आपण तो स्वभावावर ढकलतो. "हल्ली दादा तुटक बोलतो," असं आई म्हणायची. तुटक नव्हता तो. दोघंही एकदम बोलायला सुरुवात करायचे, दोघंही थांबायचे, "बोल, तू बोल," आणि मग बोलायचं राहून जायचं. मी आईला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "असेल." तिला ते फारसं पटलं नाही, पण पुढच्या वेळी दादाचं बोलणं पुरं होऊ दिल्यावर ती मनात ‘एक, दोन’ मोजते आहे हे मला तिच्या ओठांवरून दिसलं.

मग आम्ही एकत्र वाजवायचा नाद सोडला. एकाच वेळी वाजवायचं नाही, एकाच लयीवर वाजवायचं. त्याने १३२चा क्लिक पाठवला, नुसती टिकटिक. मी कानात ती टिकटिक लावून रिफ वाजवणार, दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करणार, फाईल पाठवणार. तो तिच्यावर बेस आणि ड्रम्स चढवणार आणि परत पाठवणार. ड्रम्स त्याने ॲपवर बनवले. पहिल्या खेपेला माझी फाईल ऐकून त्याचा एकच निरोप आला, "आत्या, आवाज फार सभ्य आहे. पेडल लाव."

पेडल, म्हणजे गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणारी छोटी डबी. ते माझ्या शेल्फवर होतं. आणि ते का होतं, हे आठवल्यावर मी गिटार खाली ठेवली.

निघायच्या आदल्या रात्री बॅगांचं वजन झालं होतं. चार माणसं, आठ बॅगा, प्रत्येकी २३ किलोची मर्यादा. हातात धरून उचलायचा डिजिटल काटा असतो ना, तो. दादा बॅग उचलायचा, मी वाकून आकडा वाचायचे, आणि भाची तिच्या फळ्याचा खडू घेऊन बॅगेवर तो आकडा लिहायची. बॅगा गडद निळ्या होत्या, खडू छान उठायचा. २४.५ लिहिलं, काहीतरी काढलं, तळव्याने पुसलं, २३.८ लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी सातव्या बॅगेवर आकड्यांचं नुसतं धुकं झालं होतं, आणि त्या धुक्यावर ठळक २४.५. बाकी सातही बॅगा तुडुंब, कशातच ढकलायला जागा नाही. दादा घामाघूम होऊन ओरडला, "दीड किलो जास्त! अजून दीड किलो!" रात्रीचे दोन वाजले होते. कुणी भांडण काढलं, कुणी हसायला लागलं. मग त्या बॅगेतून तीन वस्तू निघाल्या: दादाचा जुना शब्दकोश, वहिनीच्या आईची फ्रेम केलेली तसबीर आणि ते डिस्टॉर्शन पेडल. तिन्ही माझ्या शेल्फवर आहेत.

खडू! चौतीस पानं मी एलिस आयलंडच्या खडूच्या मागे धावत होते, आणि आमच्या भाचीच्या बोटांना तो लागलेला मी समोर बघितला होता.

कथा त्या रात्री पुन्हा सुरू केली. एकच रात्र, एकच खोली, आठ बॅगा. न्यूयॉर्क नाही, जहाज नाही, १८९२ नाही. आणि मी लिहीत असताना डोक्यातल्या रिफला कुणीतरी शब्द दिल्यासारखं झालं: दीड किलो जास्त, दादा, दीड किलो जास्त.

त्याआधी मी भाच्याला गाण्याचे दोन मसुदे पाठवले होते. त्यात पाखरं उडून गेली होती आणि घरटं रिकामं झालं होतं. त्याने लिहिलं, "पाखरं? आत्या, आम्ही विमानाने गेलो." दुसऱ्या मसुद्याला, "हे फार सॅड आहे. मला रॉक हवंय, रडगाणं नको." मी फुगून चार दिवस उत्तर दिलं नव्हतं. आता ही एक ओळ गाऊन पाठवली. पाच मिनिटांत उत्तर आलं, आणि त्यात नुसती उद्गारचिन्हं होती.

ती ओळ का बसली, ते नंतर कळलं. ‘दीड’मधला लांब ‘दी’ बरोबर पहिल्या ठोक्यावर पडतो, ‘किलो’ दुसऱ्यावर, ‘जास्त’ तिसऱ्यावर आपटतो आणि चौथ्यावर श्वास. मुलं अंगणात काहीतरी चिडवून ओरडतात ना, त्या चालीचं ते होतं. अशी ओळ एकदा ऐकली की दुसऱ्यांदा आपणच म्हणतो. ध्रुवपद असं झालं:

दीड किलो जास्त, दादा, दीड किलो जास्त
काय काढू, काय ठेवू, दीड किलो जास्त!

पहिल्या कडव्यानंतर हे नुसतं बॅगेबद्दल आहे. दुसऱ्या कडव्यात ते तिकडे पोहोचलेत, नवीन घरात बॅगा उघडल्या आहेत, कपाटं आता मोठी आहेत आणि त्यात ठेवायला काही नाही. तरी ध्रुवपद तेच. काय जास्त आहे ते मी सांगितलं नाही. तिसऱ्यात शेल्फ येतं आणि ओळ बदलते: ‘दीड किलो इथे, दादा, दीड किलो इथे’. शब्द तेच ठेवायचे आणि खालची जमीन सरकवायची, ही गाण्याची युक्ती मी कथेत उचलली. कथेत आता पाच वेळा वजन होतं. पाचही वेळा वाक्यं जवळजवळ तीच आहेत. मुद्रितशोधक म्हणून मला पुनरुक्ती दिसली की हात शिवशिवतो. इथे तीच मुद्दाम ठेवायची हे मनाला पटवायला वेळ लागला.

भांडण झालं ते ब्रिजवरून. दुसऱ्या ध्रुवपदानंतर गाणं थोडं वेगळीकडे जातं, त्या भागाला ब्रिज म्हणतात. भाच्याला तिथे पूर्ण कॉर्ड हवा होता, सहाही तारा, गंधारासकट. आता कॉर्डमध्ये इतका वेळ टाळलेला गंधार लावायचा म्हणजे ठरवणं आलं, कोमल की शुद्ध. मी अर्थातच कोमल धरून वाजवलं आणि पाठवलं. त्याची फाईल आली त्यात शुद्ध होता. ई मायनर आणि ई मेजर यांत एका बोटाचा फरक आहे. तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर तर्जनी टेकवली की मेजर, उचलली की मायनर. मी त्याला लिहिलं, "बोट चुकून पडलंय का?"

"नाही. मुद्दाम."

"इथे मुलगा शेवटचं मागे वळून बघतोय. तिथे मेजर कसा?"

त्याने फोनच केला. एरवी तो लिहितो. म्हणाला, "आत्या, एक सांगू? रागावू नकोस. मी नव्हतो सॅड. मला जायचं होतं. त्या रात्री तुम्ही सगळे असे झाला होतात ना, म्हणून मी गप्प होतो. मला तर झोप येत नव्हती एक्साइटमेंटने." आणि मग, त्या पाव सेकंदाच्या उशिरानंतर, "पेडल मीच काढलं होतं बॅगेतून. तुला आठवत नाही का? मी म्हटलं, हे काढा आणि बंद करा ती बॅग."

मला आठवत होतं. सांगायचं म्हणजे, त्याने सांगितल्यावर आठवलं. मी मात्र कथेत लिहिलं होतं, की मुलगा पेडल छातीशी धरून बसतो आणि बाप ते हळूच सोडवून घेतो. चांगला परिच्छेद होता. मैत्रिणीलाही आवडला होता. तो मी माझ्या सोयीने लिहिला होता. रडायचं मला होतं आणि त्यासाठी मी एका चौदा वर्षांच्या पोराचे डोळे उसने घेतले होते.

मला लागलं हे, खोटं कशाला बोलू? दोन दिवस गिटारला हात लावला नाही. आम्ही इथे इतकं मनाला लावून घेतलं आणि याला जायचं होतं! मग तिसऱ्या दिवशी तो परिच्छेद काढला. आता कथेत मुलगा पटकन पेडल काढून देतो आणि बॅगेवर बसून चेन ओढतो. त्याला हसू येतंय, ते लपवायला तो मान खाली घालून चेनकडेच बघत राहतो, आणि आत्याला वाटतं, रडतोय. एवढंच केलं. बाकीची पानं फारशी बदलावी लागली नाहीत, कारण सगळं तसंच राहून सगळ्याचा अर्थ आपोआप फिरला. मैत्रिणीने या खेपेला पानं परत दिलीच नाहीत. "राहू दे माझ्याकडे," म्हणाली. कथा एका मासिकाकडे पाठवली आहे. बघू.

ब्रिजमध्ये शुद्ध गंधार राहिला. आवाज मीच दिलाय, कारण त्याचा आवाज त्याच महिन्यात फुटला. मधेच जाड, मधेच चिरका. तिसऱ्या ध्रुवपदाला मागून ‘जास्त!’ असं जे ओरडणं आहे, ते तो, भाची आणि वहिनी. वहिनीचा ‘जास्त’ अर्धी मात्रा आधी येतो. भाच्याला तो सरळ करता आला असता, पण त्याने केला नाही.

गाणं ३ मिनिटं ४ सेकंदांचं झालं. शेवट तेवढा राहिला होता. मी म्हटलं, आवाज हळूहळू कमी करत नेऊ. तो म्हणाला, फेड-आउट म्हणजे पळपुटेपणा. त्याने शेवटची फाईल पाठवली. रिफ एकदा, दोनदा, ड्रम्स थांबले, नुसती गिटार, चौथा बार, कोमल निषाद, आणि फाईल संपली. सा नव्हताच. मी अंधारात बसून ती सहा वेळा ऐकली, मग चिडून लिहिलं, "सा कुठाय?"

"तो तू वाजव. तुझ्याकडची गिटार जास्त चांगली वाजते."

रात्रीचा एक वाजला होता. पेडल लावलं, ॲम्पचा आवाज शेजाऱ्यांना चालेल एवढा ठेवला. क्लिक लावायची होती, मी लावली नाही. त्याचे चार बार कानात ऐकले आणि निषाद आला तशी सहावी तार मोकळी छेडली. ८२ हर्ट्झ. हाडांत ऐकू येते ती. तळवा टेकवला नाही. ती वाजत राहिली, बारीक होत गेली, शेवटी नुसता ॲम्पचा गुंजारव उरला, आणि त्यात आई पाणी प्यायला उठली त्याचा दाराचा आवाज आहे. ते सगळं तसंच पाठवलं.

सकाळी उठले तर त्याचं उत्तर आलेलं होतं.

"थोडा लेट आहे. चालेल."